अंगारमायचा हंडा

एका राज्यात एक पाणवठा होता, आणि त्या पाणवठ्यावर घागरींच्या आधी कान भरत. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून रुसली, राजाच्या पागेतली कोणती घोडी व्यायली, हे सारं आधी तिथं कळे, मग राजवाड्यात. अशा त्या पाणवठ्यावर एके सकाळी राजवाड्यातली जुनी दासी चिमाक्का परटिणीच्या कानाला लागली आणि म्हणाली, "ऐकलंस का? तळघरातल्या हंड्याला कल्हई झाली की म्हणे ती तांब्याची माणसं पुन्हा..."

तेवढ्यात पाटलाची म्हैस धुणं तुडवत पाण्यात उतरली. बायका लुगडी सावरत पळाल्या, परटीण काठी घेऊन म्हशीच्या मागे लागली, आणि चिमाक्का घागर उचलून चालती झाली. बोलणं तिथंच तुटलं.

पण शेवटच्या दगडावर पोवळी बसली होती. पोवळी म्हणजे भिवबा कल्हईकराची पंधरा वर्षांची लेक. दोन वाक्यं पूर्ण ऐकण्यापेक्षा एक अर्धं ऐकलं की माणूस जास्त बेचैन होतो. तिचंही तसंच झालं. कारण त्या तांब्याच्या माणसांत तिचा बाप उभा होता.

आता हंड्याची हकिकत सांगितली पाहिजे. राजवाड्याच्या तळघरात तांब्याचा एक मोठा हंडा होता, गळ्यापर्यंत सोन्याच्या मोहरांनी भरलेला. त्यातल्या सोन्याला जो शिवे, तो जागच्या जागी तांब्याचा होई. मग पायापासून त्याच्यावर हिरवा जंगाल चढू लागे, कळकलेल्या भांड्यावर चढतो तसा, रोज एक बोट. जंगालानं डोळे झाकले की माणूस गेला, मागं उरला तो पुतळा. असे सात जण तळघरात उभे होते. चौघे फार जुने, पार हिरवे झालेले. तिघे अलीकडचे: राजाचा खजिनदार, एक पहारेकरी, आणि भिवबा. भिवबाला राजानं हंडा घासायला बोलावलं होतं, तो दोन महिन्यांमागे गेला तो परतलाच नाही.

हंड्याचा शाप एवढ्यावर थांबला नव्हता. त्या साऱ्या राज्यात साठ वर्षं आंबट म्हणून काही उरलं नव्हतं. दूध विरजलं तर हिरवं पडे, लोणचं घातलं तर बरणीत विष होई. पोरं वरणभात खात, गोड दूध पीत, पुन्हा वरणभात खात. राजवाड्यामागं चिंचेचं मोठं झाड होतं, चिंचांनी लगडलेलं, पण लोक त्याचे नुसते चिंचोके खेळायला नेत. कढी हा शब्द म्हाताऱ्यांना ठाऊक होता, आणि तो उच्चारताना त्यांच्या तोंडाला सुटलेलं पाणी फुकट जाई.

पोवळी घरी आली आणि आईला म्हणाली, "आई, हंड्याला कल्हई केली की बाबा परत येतील."

"कोण म्हणालं?"

"चिमाक्का. अर्धं म्हणाली."

"अर्ध्यावर कुणी घर सोडतं का गं?"

"पूर्ण ऐकायला थांबले तर बाबांचे डोळे झाकतील. आज जंगाल खांद्याशी आलाय. बारा दिवस उरले."

आईनं पुढं वाद घातला नाही. कल्हईकराची बायको ती, तापलेल्या भांड्याला थांबवून चालत नाही हे तिला माहीत होतं. तिनं एक पितळी वाटी काढली, तीत गुळाचा खडा ठेवला, फडक्यात बांधून दिली आणि म्हणाली, "कुणाच्या दारी रिकाम्या हाती जाऊ नकोस. कुणाचं भांडं रिकामं परत करू नकोस. एवढं सांभाळलंस की वाट आपोआप सापडेल."

वेशीवर एक टिटवी बसली होती. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलंच तर पेलायला, हे सर्वांना ठाऊक आहे. ती माणसांसारखं बोलते हेही त्या राज्यात सर्वांना ठाऊक होतं, पण ती इतकं बोले की कुणी ऐकून घेत नसे.

"साधं कथील त्या हंड्याला धरत नाही," टिटवी म्हणाली. "तुझ्या बापानं लावून पाहिलं, घरंगळून पडलं. तीन वस्तू लागतील. पारदनाथाचं कथील, ते चिकटवायला क्षारनागाचा नवसागर, अंगारमायचा विस्तव."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी वरून उडते. सगळ्यांच्या ताटात काय आहे ते मला दिसतं."

"मग कल्हई झाल्यावर पुढं काय होतं?"

टिटवीनं मान वळवली. "तेवढं मात्र मला ऐकू आलं नाही."

दोघी चालू लागल्या, एक पायांनी आणि एक पंखांनी.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या टेकडीवर पारदनाथ जादूगाराचं घर लागलं. त्याची दाढी अंगणभर पसरली होती आणि तिनंच अंगण झाडलं जात होतं. पोवळीनं वाटीतला गूळ त्याच्यापुढं ठेवला. जादूगारानं तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"काय हवं?"

"कथील."

"या तीन कांड्या. एक चांदी, एक शिसं, एक कथील. माझ्या मंत्रानं तिन्हींचा रंग एक, वजन एक. ओळखलीस तर तुझी. चुकलीस तर जन्मभर माझी दाढी विंचरायची."

टिटवी कानाशी कुजबुजली, "घरी चल. दाढी लांब आहे."

पोवळीनं पहिली कांडी कानाशी धरून वाकवली. ती वाकेना. दुसरी वाकवली, ती मुकाट्यानं वाकली. तिसरी वाकवली तेव्हा ती बारीक आवाजात कुरकुरली, पाय चेपायला सांगितलेल्या जावयासारखी.

"ही कथील," पोवळी म्हणाली. "रंग बदलता येतो, महाराज. स्वभाव कसा बदलेल? चांदी हट्टी, शिसं मुकं, आणि कथील वाकताना कुरकुर करतंच."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनी. मी चार वर्षांची असताना कथील माझ्या कानाला लावून हसवायचे."

पारदनाथानं कांडी दिली, आणि गुळाची वाटी स्वतःच्या दाढीनं पुसून परत केली.

सहाव्या दिवशी खारी गुहा लागली. दारावर क्षारनाग वेटोळं घालून बसला होता, मिठासारखा पांढरा. आत नवसागराचे खडे चमकत होते आणि धूर असा झोंबत होता की टिटवी दहा हात मागं सरली.

"आत जा," नाग म्हणाला. "हवा तेवढा नवसागर घे. पण इथल्या जमिनीवर ज्याचा अश्रू पडतो, त्याचं मीठ होतं."

"मी भात्याशेजारी वाढले," पोवळी म्हणाली. "धुरानं माझे डोळे पाणावत नाहीत."

ती आत गेली. खरोखरच डोळे कोरडे राहिले. पण गुहेला तिचा गर्व कळला असावा. समोरची खारी भिंत आरशासारखी उजळली आणि तीत तळघर दिसू लागलं. भिवबा उभा होता. हिरवा रंग गळ्याशी आला होता. आई त्याच्या पायाशी बसून फडक्यानं जंगाल घासत होती. घासलेला तेवढा निघे, आणि फडकं उचललं की पुन्हा येई. आई पुन्हा घासू लागे.

पोवळीचा डोळा भरला. तिनं झटकन वाटी हनुवटीखाली धरली. एक थेंब, मग दुसरा, दोन्ही वाटीत पडले, जमिनीवर एकही नाही. नवसागराचा खडा उचलून ती तशीच वाटी जपत बाहेर आली आणि नागापुढं ठेवली.

"हे काय?"

"तुमच्या घरून वस्तू नेते आहे. बदल्यात ठेवायला दुसरं काही नाही."

नागानं ते दोन थेंब प्यायले. त्याच्या अंगावरचा पांढरा रंग जरासा निवळला. "हजार वर्षांत पुष्कळ आले," तो म्हणाला. "सगळे घेऊन गेले. ठेवून कुणी गेलं नाही. जा पोरी, तुझ्या नवसागराचा धूर कुणाला झोंबणार नाही."

नवव्या दिवशी अंगारमायची झोपडी आली. अंगारमाय ही मोठी चेटकीण. तिच्या चुलीतला विस्तव जगाच्या आरंभापासून विझला नव्हता आणि तिचे केस विस्तवाच्या रंगाचे होते. लोक तिच्या नावानं पोरांना झोपवत. पोवळी दाराशी उभी राहिली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वाटी रिकामी आहे. गूळ गेला, डोळ्यांतलं पाणीही गेलं.

"रिकाम्या हातानं आलीस," आतून आवाज आला.

पोवळी उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "माय, मी बातम्या आणल्यात. पाणवठ्यावरच्या."

साठ वर्षं त्या दाराशी कुणी टेकलं नव्हतं.

"सांग बघू," अंगारमाय म्हणाली.

पोवळीनं सांगितलं. पाटलाची म्हैस धुण्यात कशी शिरली, परटिणीनं तिला हाणलं तर काठीच कशी मोडली, सोनाराच्या सुनेनं सासूच्या नथीत बाभळीचा काटा कसा अडकवला. अंगारमाय सरकत सरकत दारापर्यंत आली. "मग? सासू काय म्हणाली?" असं तिनं तीनदा विचारलं. सोनारणीचं ऐकून ती इतकी हसली की चुलीतला जाळ आढ्याला लागला.

मग तिनं डोळे पुसले. "आता काय हवं ते सांग."

"चुलीतला विस्तव. तळघरातल्या हंड्याला कल्हई करायची आहे."

अंगारमायचं हसू मावळलं. "तो हंडा कुणाचा, माहीत आहे?"

"राजाचा."

"माझा. साठ वर्षांमागं तुमच्या राजाच्या आजोबानं लेकीच्या लग्नाला नेला. म्हणाला, सोळा दिवसांत परत करतो. शेजाऱ्याचं भांडं आपण रिकामंसुद्धा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. त्यानं हंडाच ठेवून घेतला. वर त्यात आपलं सोनं भरलं आणि कुलूप लावलं. मी म्हणाले, माझं भांडं घरी येईपर्यंत तुझ्या राज्यात दुसऱ्या कुठल्याही भांड्यात आंबटाचं विष होईल, आणि त्या सोन्याला शिवेल तो भांड्याच्याच जातीचा होईल."

पोवळी उंबऱ्यावरून उठली. "म्हणजे नुसत्या कल्हईनं बाबा सुटणार नाहीत?"

"नाही. हंडा स्वच्छ हवा, म्हणून कल्हई. माझ्या दारात हवा. आणि भरलेला हवा. सोन्यानं भरशील तर तुझ्यासकट वितळवीन. सोनं मी खात नाही."

"उद्या सूर्य मावळायच्या आत आणते."

"नाही आणलास तर?"

"तर आठवी मी उभी राहीन, बाबांशेजारी."

अंगारमायनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि वाटीत निखारा घातला. वाटी तापली नाही. "वळसा घालून नऊ दिवस आलीस," ती म्हणाली. "सरळ गेलीस तर एक टेकडी आणि एक ओढा. मी तुमची शेजारीण आहे गं. तुमच्याच लोकांनी वाट मोडली."

पोवळी टेकडी उतरली, ओढा ओलांडला आणि त्याच संध्याकाळी घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरबारात उभी राहिली. राजा रत्नध्वज सिंहासनावर होता, शेजारी चिमाक्का पंखा घालत होती. पोवळीनं सारं सांगितलं.

"हंडा न्यायचा?" राजा म्हणाला. "आणि सोनं?"

"उपडं करायचं, महाराज. हंड्याला दोर बांधून कलंडवायचा. सोन्याला कुणी शिवायचं नाही."

"ते सोनं माझ्या आजोबांचं आहे."

"आणि हंडा कुणाचा?"

दरबारी लोक आपापल्या जोड्यांकडं पाहू लागले.

"महाराज," पोवळी म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी काय करणार? घरी जाईन. फक्त पाणवठ्यावर लोक म्हणतील की राजघराण्यानं शेजारणीचं भांडं दाबून ठेवलं."

राजाचा चेहरा उतरला. "असं म्हणतात का?"

"अजून नाही. पण टिटवीला कळलंय."

खिडकीत टिटवीनं पंख साफ केला आणि घसा खाकरला.

"हंडा काढा," राजा म्हणाला. "लवकर काढा."

दहा माणसांनी दोर लावून हंडा कलंडवला. सोनं खळखळत तळघराच्या फरशीवर पसरलं. तिथंच भिवबा उभा होता, जंगाल ओठांशी आलेला. पोवळीनं बापाकडं एकदाच पाहिलं आणि लाकडाच्या दांड्यांवर घालून हंडा अंगणात न्यायला लावला.

मग तिनं भट्टी पेटवली. आईनं भाता ओढला. अंगारमायचा निखारा पडताच जाळ निळा झाला. हंडा तापला, तिनं नवसागर भुरभुरला, धूर निघाला पण कुणाच्या डोळ्यांना झोंबला नाही. तिनं कथलाची कांडी फिरवली, वर कापसाचा बोळा फिरवला, आणि चांदण्यासारखी कल्हई आतून पसरत गेली. हंडा पाण्यात बुडवला, चर्र आवाज झाला, आणि आत डोकावणाऱ्याला आपला चेहरा धूसर दिसू लागला.

सारे तळघराकडं धावले. भिवबा तसाच तांब्याचा उभा होता.

"बघा," खजिनदाराची बायको म्हणाली, "पोरीचं काही खरं नाही."

"अजून भांडं घरी गेलं नाही," पोवळी म्हणाली. "आणि भरलंही नाही. प्रत्येक घरातून एक मूठ तुरीची डाळ आणा. गूळ आणा. आणि त्या झाडाच्या चिंचा पाडा."

चिंचेचं नाव ऐकून लोक मागं सरले. साठ वर्षांचं भय ते, एका सकाळीत कसं जाईल? पण चिमाक्का पंखा टाकून उठली, तिनं पदर खोचला आणि काठीनं चिंचा पाडायला सुरुवात केली. तिच्यामागून परटीण आली, मग सोनाराची सून, मग सासूही. हंडा चुलीवर चढला. डाळ शिजली, चिंच पडली, गूळ पडला, वरून हिंग-मोहरीची फोडणी. असा वास सुटला की म्हातारे भिंतीला टेकून बसले.

"विष असेल तर?" राजानं विचारलं.

पोवळीनं पळीभर आमटी घेतली आणि प्यायली. तिचा एक डोळा आपोआप मिटला, खांदे वर गेले. जन्मात पहिल्यांदाच आंबट खाल्लं होतं तिनं. लोक श्वास धरून उभे.

"कल्हई धरली आहे," ती म्हणाली. "मीठ थोडं कमी आहे."

ऊन कलू लागलं होतं. दहा माणसांनी हंडा दांड्यांवर घेतला. वाट मोडलेली, काट्यांची, पण पोवळी पुढं आणि टिटवी वरून, "डावीकडे खड्डा, उजवीकडे सरडा," असं ओरडत. ओढ्यात एकाचा पाय घसरला, हंडा कलला, आमटी काठाशी आली. तेव्हा राजा स्वतः पाण्यात उतरला आणि त्यानं खांदा दिला. सूर्य टेकडीला टेकला होता तेव्हा हंडा अंगारमायच्या दारात उतरला.

"शेजारीणबाई," राजा ओल्या अंगरख्यानं म्हणाला, "परत करायला उशीर झाला."

"झाला खरा," अंगारमाय म्हणाली. तिनं झाकण काढलं, बोट बुडवलं, चाखलं. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पण भांडं भरलेलं आहे."

त्याच क्षणी तिकडं तळघरात कुणीतरी मोठ्यानं शिंकलं. तो भिवबा होता. त्याच्यामागून पहारेकरी हलला आणि खजिनदार "मी कुठं आहे" म्हणत खाली बसला. जुने चौघे मात्र हलले नाहीत. त्यांचे डोळे केव्हाचेच झाकले होते. राजानं त्यांना चिंचेच्या झाडाखाली मानानं उभं केलं, आणि दर वर्षी आमटीचा पहिला वाटा त्यांच्यापुढं ठेवायची रीत घातली. सोनं अजून तळघराच्या फरशीवर पडलं आहे. शाप गेला असं सगळे म्हणतात, पण आधी शिवून कोण पाहणार?

तेव्हा अफवा खरी ठरली, पण बारा आणे. कल्हईनं नव्हे, भांडं घरी गेल्यानं माणसं सुटली. सात नव्हे, तीन सुटली. आणि जे सुटले तेही पुरते नाहीत. ज्या अवयवानं सोन्याला स्पर्श केला, तो तांब्याचाच राहिला. खजिनदाराचे दोन्ही पंजे, पहारेकऱ्याची तीन बोटं, आणि भिवबाचा उजवा अंगठा.

"मी मोहर उचलली नव्हती," भिवबा घरी सांगत होता. "अंगठ्यानं नुसती बाजूला सारली."

"सगळे तसंच म्हणतात," आई म्हणाली, आणि ताट वाढता वाढता तिनं डोळ्यांना पदर लावला.

पुढं पाणवठ्यावर पोवळीनं चिमाक्काला गाठलं. "आक्का, त्या दिवशी तुम्ही पुढं काय म्हणणार होतात? माणसं पुन्हा काय?"

चिमाक्कानं घागर डोक्यावर घेतली. "काही नाही गं. मलासुद्धा तेवढंच ऐकू आलं होतं."

त्या राज्यात आता दही लागतं, लोणचं मुरतं, आणि टेकडीवरची वाट पायांनी इतकी मळली आहे की तिच्यावर गवत उगवत नाही. अंगारमायच्या घरून काही ना काही भांडं रोज येतं, रोज जातं, आणि रिकामं कधीच नसतं. आणि दर पाडव्याला सकाळी पोवळी अंगणात छोटी भट्टी पेटवते. तांब्याच्या अंगठ्याला चटका कळत नाही. भिवबा अंगठा जाळावर धरतो, ती नवसागर भुरभुरते, कथील फिरवते आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून तो चांदीसारखा लखलखीत करते. त्याशिवाय त्याला ताकभात कालवता येत नाही, कळकतो ना.

"धरली का?" भिवबा विचारतो.

ती अंगठ्यावर टिचकी मारते, नाद ऐकते, आणि म्हणते, "धरली. बसा जेवायला."